जुन्या पीसीवर मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम : ४८६पासून पेंटियम ४पर्यंत

जुन्या मशीनवर लिनक्स किंवा बीएसडी अशी मुक्त सिस्टिम चढत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो. बोर्डावरचा सेल मेलेला असतो, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दमलेला असतो, रॅमच्या पट्टीवर ऑक्साइड चढलेला असतो, नाहीतर त्या प्रोसेसरला चालणारच नाही अशी आवृत्ती डाउनलोड केलेली असते. म्हणून इथे सीडी घालण्याआधीच्या कामावर जास्त भर आहे. तेवढे नीट झाले की प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन एका दुपारचे काम आहे.

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या घरांच्या माळ्यांवर पेंटियम ३ आणि पेंटियम ४ची मशीने अजून पडून आहेत. अटालेवाल्याला किलोच्या भावाने देण्याआधी एकदा उघडून पाहण्याची त्यांची योग्यता नक्की आहे. मराठी टायपिंग, जुन्या फायली वाचणे, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणे, घरातल्या नेटवर्कवर छोटा सर्व्हर चालवणे, एवढे ती आजही करतात. यूट्यूबची अपेक्षा मात्र ठेवू नका.

आधी प्रोसेसर, मग सिस्टिम

मशीन कोणत्या साली घेतले यावरून काही ठरवू नका. प्रोसेसरचे नाव आणि रॅमचा आकडा, या दोनच गोष्टी पाहा. मशीन चालू होताना पहिल्या पडद्यावर दोन्ही दिसतात. ते झर्रकन निघून जात असतील तर पॉज कळ दाबा, पडदा थांबतो.

कोअर २ ड्युओ, पेंटियम डी, अ‍ॅथलॉन ६४ आणि पेंटियम ४मधली शेवटची काही मॉडेल्स ६४ बिटची आहेत. अशा मशीनला ३२ बिटची सिस्टिम शोधत बसू नका. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची १३वी, साधी ६४ बिट आवृत्ती त्यावर चालते. शंका असेल तर कोणत्याही लाइव्ह (डिस्कवर न बसवता सीडीवरूनच चालणाऱ्या) लिनक्समध्ये एलएससीपीयू ही आज्ञा द्या. दुसऱ्याच ओळीत ३२ बिट की ६४ बिट ते कळते.

निव्वळ ३२ बिटची मशीने असतील तर डेबियन १२ घ्या. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही आणि सिस्टिमचा गाभा असलेला कर्नेलही नाही. जून २०२३ची डेबियन १२ ही त्या मार्गावरची शेवटची. पेंटियम ४ आणि ५१२ एमबी रॅम असेल तर ती हलक्या डेस्कटॉपसह चालते, १ जीबी असेल तर आरामात चालते. पेंटियम ३वरही चालते, पण तिथे एसएसई२ हा सूचनासंच नाही. अ‍ॅथलॉन एक्सपी आणि ड्युरॉनचेही तसेच. फायरफॉक्सला २०१७पासून एसएसई२ लागतो, त्यामुळे या प्रोसेसरांवर तो उघडताक्षणी ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतो. रॅम वाढवून हे सुटत नाही.

एएमडीचा के६ आणि व्हियाचा सी३ हे डेबियन १२च्या कक्षेबाहेर आहेत, कारण ज्या काही सूचना ती गृहीत धरते त्या या चिपांमध्ये नाहीत. के६, सी३, पेंटियम एमएमएक्स, पेंटियम २ आणि ६४ ते २५६ एमबी रॅम, अशा गटाला आम्ही डोळे झाकून नेटबीएसडी ही बीएसडी घराण्यातली सिस्टिम सुचवतो. डिसेंबर २०२४ची १०.१ आवृत्ती ४८६डीएक्सपासून पुढे सगळीकडे चालते. ३८६ असेल, किंवा ४८६वर ८-१६ एमबीच रॅम असेल, तर फ्रीडॉस, म्हणजे जुन्या डॉसची मुक्त आवृत्ती.

पेंटियम एम आणि सेलेरॉन एमच्या सुरुवातीच्या लॅपटॉपांत एक खोच आहे. ते पीएई (४ जीबीपेक्षा जास्त रॅम हाताळण्याची सोय) असल्याचे सांगत नाहीत, आणि डेबियनचा पीएईवाला कर्नेल तिथे एका ओळीचा संदेश देऊन थांबतो. डेबियन १२मध्ये ‘६८६’ आणि ‘६८६-पीएई’ असे दोन कर्नेल आहेत. अशा लॅपटॉपला पहिला द्या.

वीज देण्याआधी

वर्षानुवर्षे बंद असलेले मशीन थेट प्लगला लावू नका. कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसच्या पाठीवरचे लाल बटण २३०वर आहे ना ते पाहा. चुकून ११५वर असेल तर पहिल्याच क्षणी एसएमपीएस जातो. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरांवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

आता मदरबोर्ड. १९९९ ते २००७च्या सुमाराच्या बोर्डांवर प्रोसेसरभोवतीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगण्याचा रोग सर्रास आहे. माथा सपाट हवा. तो फुगीर असेल, किंवा बुडाशी तपकिरी राळ दिसत असेल, तर तो बदलावाच लागतो. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर प्रकारचा मागा. साधा कपॅसिटर बसवला तर मशीन चालू होते, पण इन्स्टॉलेशनच्या मध्येच कुठेतरी गोठते, आणि मग माणूस दिवसभर सीडीला दोष देत बसतो.

३८६, ४८६च्या बोर्डावर निळ्या किंवा हिरव्या नळकांड्यासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती जवळजवळ नेहमी फुटलेली सापडते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. ती कापून काढा. गळती झालेल्या जागी कापसाच्या काडीने पांढरा व्हिनेगर लावा, फेस थांबेपर्यंत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड पूर्ण दिवस वाळू द्या. कॅडमियम विषारी आहे, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. नगर निगमच्या कचरागाडीला अशा वस्तूंसाठी वेगळा कप्पा असतो, त्यात द्या.

त्यानंतरच्या बोर्डांवर सीआर२०३२ सेल असतो. मल्टिमीटरवर तो ३ व्होल्टच्या आसपास हवा. २.७च्या खाली असेल तर बदला. लोक हे टाळतात, कारण ‘नुसते घड्याळच तर चुकते’. पण घड्याळ २००२ दाखवत असेल तर डेबियनचा पॅकेज-व्यवस्थापक सर्व्हरवरची यादी ‘अजून वैध झालेली नाही’ म्हणून नाकारतो, आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रेही याच कारणाने अमान्य ठरतात. नेट चालू आहे, पण काहीच डाउनलोड होत नाही, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा तारीख पाहा.

एसएमपीएस तपासताना तो मदरबोर्डापासून सोडवा. भार म्हणून एखादी जुनी हार्ड डिस्क लावा. प्लग लावल्यावर जांभळ्या आणि काळ्या तारेत ५ व्होल्ट यायला हवेत. मग हिरवी तार एखाद्या काळ्या तारेशी तारेच्या तुकड्याने जोडा, पंखा फिरू लागेल. आता लाल तारेवर ४.७५ ते ५.२५, पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७, या मर्यादेत आकडे हवेत. एखादा आकडा काठावर असेल तर तो एसएमपीएस वापरू नका. भार वाढला की तो आणखी खाली येतो. अगदी जुन्या एटी प्रकारात मदरबोर्डाला दोन वेगवेगळे कनेक्टर लागतात. ते शेजारी-शेजारी बसवताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून यायला हव्यात. उलटे बसले तर बोर्ड जळतो.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, कण झटका, अल्कोहोलने पुसा. इंदूरच्या पावसाळ्यात बंद पडलेल्या मशीनवर हिरवट थर हमखास असतो. नुसते काढून पुन्हा बसवणे पुरत नाही. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी कोरडी झालेली असते. ती पूर्ण खरवडून वाटाण्याएवढी नवी लावा. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते, तेव्हा या एका गोष्टीमुळे पेंटियम ४ टिकतो किंवा अर्ध्यात बंद पडतो.

एवढे झाले की मेमटेस्ट८६+ लावा. हा मुक्त प्रोग्रॅम आहे आणि सीडी किंवा फ्लॉपीवरून थेट सुरू होतो. एक पूर्ण फेरी शून्य चुकांनी गेली पाहिजे. एकही लाल ओळ आली तर पट्ट्या एकेक करून तपासा. रॅममध्ये एक बिट जरी चुकत असला तरी इन्स्टॉलर पॅकेज उलगडताना ‘फाइल खराब आहे’ असे म्हणतो, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या फाइलचे नाव घेतो. एकाच फाइलवर अडत असेल तर सीडी पाहा. दरवेळी वेगळी फाइल असेल तर रॅम.

जुनी डिस्क पुसू नका

त्या डिस्कवर घरातल्या कुणाचे तरी लेखन असते. १९९५ ते २००५च्या काळातल्या मराठी-हिंदी फायली युनिकोडमध्ये नसतात. त्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेल्या असतात, आणि तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर फक्त इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून कागदपत्रांबरोबर विंडोजच्या फोल्डरातले फॉन्ट्सचे उपफोल्डरही आठवणीने उचला. त्याशिवाय नंतर रूपांतर करताना मूळ फॉन्ट कोणता हे ओळखणेच कठीण जाते.

डिस्क यूएसबी-आयडीई अ‍ॅडॉप्टरने (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कांची जोडणी) दुसऱ्या संगणकाला जोडा आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने संपूर्ण प्रतिमा काढा. तो नीट वाचता येणारा भाग आधी उचलतो, खराब भागाची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि त्याकडे शेवटी वळतो. ती नोंद-फाइल द्यायला विसरू नका. मध्येच वीज गेली तर तिच्याच आधाराने काम जिथे थांबले तिथून पुढे जाते. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि जाणकाराकडे द्या.

नवी डिस्क कोणती

मूळ डिस्क बाजूला ठेवून नवी सिस्टिम कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर किंवा छोट्या एसएसडीवर टाका. आवाज जातो, उष्णता कमी होते, वेग वाढतो. कार्डाला सीएफ-आयडीई अ‍ॅडॉप्टर लागतो, एसएसडीला साटा-आयडीई. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आणि जेल रोडला चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

आकार बायोसच्या (मशीन चालू होताना बोर्डावरून आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मर्यादेत ठेवा. अगदी जुने बायोस ५०४ एमबीच्या पुढे पाहत नाहीत. त्यानंतरच्या पिढीची मर्यादा ८.४ जीबी. १९९९च्या आधीचे बरेचसे बायोस ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसली की चालू होतानाच अडकतात. पुढच्यांची हद्द १३७ जीबी. पेंटियम २पर्यंत ८ जीबीचे कार्ड आणि पेंटियम ३, ४ला ३२ जीबी, हे धोरण सुरक्षित आहे आणि जागाही पुरते.

स्वस्त सीएफ अ‍ॅडॉप्टरमध्ये डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅमशी देवाणघेवाण करण्याच्या) तारा जोडलेल्याच नसतात. कार्ड डीएमए येते म्हणून सांगते, कर्नेल तसा प्रयत्न करतो, उत्तर येत नाही, आणि दर तीस सेकंदांनी ‘टाइमआउट’ची ओळ पडत राहते. अशा वेळी सुरू होताना कर्नेलला दिल्या जाणाऱ्या बूट-ओळीच्या शेवटी ‘लिबएटीए.डीएमए=०’ जोडा. ही आणि पुढची सगळी पदे अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आहेत. वेग कमी होतो, पण काम पुढे जाते. कायमचा उपाय म्हणजे डीएमए जोडलेला अ‍ॅडॉप्टर. एसएसडी लावताना ८० तारांची आयडीई केबल वापरा. ४० तारांची केबल ३३ एमबी प्रतिसेकंदाच्या पुढच्या वेगाला भरवशाची नाही. एकाच केबलवर सीडी ड्राइव्हही असेल तर एकाचा जंपर मास्टर, दुसऱ्याचा स्लेव्ह. दोघेही मास्टर ठेवले तर बायोसला बहुधा एकही दिसत नाही.

सीडी, की दुसऱ्या संगणकावरून

डाउनलोड केलेल्या आयएसओचा (सीडीच्या प्रतिमा-फाइलीचा) एसएचए२५६ हा पडताळणीचा आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. प्रत ७०० एमबीच्या आत असेल तर कोऱ्या सीडी-आरवर १६एक्स किंवा त्याहून कमी वेगाने लिहा. वेगाने लिहिलेली सीडी नव्या ड्राइव्हला वाचता येते, जुन्याला नाही. रीरायटेबल सीडी नव्वदच्या दशकातले बरेच ड्राइव्ह वाचतच नाहीत. बायोसमध्ये जायला डिलीट कळ दाबा, बूट क्रमात सीडी-रॉम वर आणा.

पेंटियम ३ आणि त्याआधीचे बहुतेक बायोस पेन ड्राइव्हवरून बूट करत नाहीत. प्लॉप बूट मॅनेजर फ्लॉपी किंवा सीडीवरून सुरू करून पुढे पेन ड्राइव्हकडे वळता येते, पण यूएसबी १.१च्या वेगाने ते फार वेळखाऊ होते.

आम्हाला सगळ्यात खात्रीची वाटते ती पद्धत वेगळी आहे. इन्स्टॉलेशनच दुसऱ्या, नव्या संगणकावर करा. सीएफ कार्ड यूएसबी रीडरमध्ये घाला, क्यूईएमयू या मुक्त प्रोग्रॅममध्ये ३२ बिटचे आभासी मशीन उभे करा, त्याला १ जीबी रॅम द्या, आणि ते अख्खे कार्ड त्याची हार्ड डिस्क म्हणून जोडा. इन्स्टॉलरला तयार सिस्टिमपेक्षा जास्त रॅम लागते आणि पॅकेजे उलगडायला जुन्या प्रोसेसरला तास न् तास जातात. हे दोन्ही इथे टळते. काम झाले की कार्ड जुन्या मशीनमध्ये सरकवा.

यात तीन गोष्टी सांभाळा. कार्ड निवडताना जीबीचा आकडा दोनदा पाहा, नाहीतर तुमच्या लॅपटॉपचीच डिस्क पुसली जाईल. दुसरे, आभासी मशीनला पीएई असल्यामुळे इन्स्टॉलर पीएईवाला कर्नेल टाकतो. जुन्या पेंटियम एमसाठी एक्स्पर्ट पद्धतीने जाऊन ६८६ हाताने निवडा, आणि तिथेच ड्रायव्हरांबद्दल विचारले की ‘जेनेरिक’ घ्या. ‘टार्गेटेड’ घेतले तर फक्त आभासी मशीनचे ड्रायव्हर बसतात आणि खऱ्या मशीनला सिस्टिम असलेली डिस्कच सापडत नाही. तिसरे, नेटवर्क कार्डाचे नाव त्याच्या स्लॉटवरून पडते, त्यामुळे नव्या जागी ते बदलते. इटीसी फोल्डरातल्या नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलीत ते नाव दुरुस्त करा.

डेबियन १२ : कुठे काय निवडायचे

बूट मेनूत ग्राफिकल नको, साधे ‘इन्स्टॉल’ घ्या. मराठी भाषा फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मिळते, कारण मजकुराच्या पडद्यावर जोडाक्षरे घडत नाहीत. म्हणून इन्स्टॉलेशन इंग्रजीत करा, देश भारत सांगा, मराठी नंतर आणू. पडदा काळा राहिला तर टॅब दाबून ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा. गोठत असेल तर ‘एसीपीआय=ऑफ’, म्हणजे बायोसकडचे वीज-व्यवस्थापन बंद.

रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडलात तर पहिल्या वापरकर्त्याला सुडोचे (त्या खात्याच्या नावाने आज्ञा देण्याचे) अधिकार आपोआप मिळतात. घरच्या मशीनला ते सोयीचे. विभाजन ‘मॅन्युअल’ निवडा, तक्ता एमएस-डॉस प्रकारचा. १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा) ठेवून उरलेले सगळे ईएक्सटी४ प्रकारचे, माउंट पर्यायांत ‘नोएटाइम’ आणि बूट खूण चालू. नोएटाइममुळे फाइल नुसती वाचली तरी होणारे लिखाण थांबते, कार्ड जास्त टिकते. ८ जीबीची मर्यादा असलेल्या बायोसवर मोठी डिस्क लावलीच असेल तर ५०० एमबीचे वेगळे बूट विभाजन अगदी सुरुवातीला करा. कर्नेल त्या मर्यादेच्या आत राहिला की सिस्टिम सुरू करून देणारा ग्रब त्याला उचलू शकतो.

सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर बहुतेक जण घसरतात. तिथे ‘डेबियन डेस्कटॉप’ आणि ‘ग्नोम’ आधीच टिक केलेले असतात. स्पेस दाबून दोन्ही काढा. १ जीबी रॅम असेल तर एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप घ्या. त्याहून कमी असेल तर फक्त ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ ठेवा, आणि पहिल्या बूटनंतर झॉर्ग (ग्राफिक्स), आइसडब्ल्यूएम (खिडक्या) आणि पीसीमॅनएफएम (फायली पाहणे) ही पॅकेजे बसवा. ग्रब अख्ख्या डिस्कवर टाका, विभाजनावर नाही.

नेटसाठी रियलटेक ८१३९ चिपचे पीसीआय कार्ड उत्तम, प्रत्येक सिस्टिमला ते ओळखीचे आहे. जुन्या वायफाय कार्डांच्या मागे लागू नका, त्यातली कितीतरी आजच्या सुरक्षा पद्धती जाणतच नाहीत. एखादा छोटा राउटर क्लायंट पद्धतीत लावून त्याची केबल मशीनला जोडा. ५१२ एमबीच्या मशीनवर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाका. ते रॅममध्येच दाबून स्वॅप ठेवते आणि कार्डावरचा ताण कमी होतो.

मराठी

लोहित-देवा फॉन्टचे पॅकेज बसवा. मग ‘दऱ्या’, ‘वाङ्मय’ आणि ‘ज्ञानेश्वर’ हे तीन शब्द उघडून पाहा. तिन्ही नीट दिसले तर मजकूर घडवणारी यंत्रणा ठीक आहे. ब्राउझरची निवडही यावरच ठरते. डिलो फार हलका आहे, पण त्याच्यात देवनागरी मोडते, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते. नेटसर्फ या ब्राउझरची जीटीके आवृत्ती पँगो या तयार यंत्रणेकडून अक्षरे घडवून घेते, त्यामुळे मराठी पाने नीट वाचता येतात. पेंटियम ३वर आमची निवड तीच. पेंटियम ४ आणि १ जीबीवर फायरफॉक्स ईएसआर चालतो, एका वेळी दोन-तीन टॅब उघडे ठेवून.

कीबोर्डसाठी वेगळे इनपुट सॉफ्टवेअर लागत नाही. सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेला ‘यूएस’ आणि ‘आयएन’ असे दोन लेआउट द्या आणि आल्ट-शिफ्टने अदलाबदल ठरवा. यातला ‘आयएन’ म्हणजे इनस्क्रिप्ट, भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड. ‘ळ’ म्हणजे शिफ्ट-एन. ‘दऱ्या’ लिहायला ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. साध्या जे-डीने लिहिलेत तर ‘दर्या’ उमटेल आणि शब्दच बदलेल.

नेटबीएसडी १०.१

सीडीच्या मेनूत चार पर्याय येतात. २०००च्या आधीच्या बायोसवर सरळ ‘नो एसीपीआय’ घ्या, त्या काळचे एसीपीआयचे तक्ते चुकांनी भरलेले आहेत. सिसइन्स्ट हा इन्स्टॉलर पूर्ण मेनूवर चालतो. डिस्क बहुधा डब्ल्यूडी० या नावाने दिसेल. पूर्ण डिस्क वापरा, बूटकोड बसवायला हो म्हणा. संच निवडताना ६४ एमबीच्या मशीनवर ‘एक्स११शिवाय’ (ग्राफिक्सशिवाय) घ्या, १२८च्या पुढे पूर्ण घ्यायला हरकत नाही. विभाजनाच्या पडद्यावर ‘लॉग’ हा माउंट पर्याय चालू आहे ना ते पाहा. वीज गेल्यावर डिस्कची लांबलचक तपासणी त्यामुळे टळते.

शेवटच्या मेनूत वेळक्षेत्र एशिया-कोलकाता, रूटचा पासवर्ड, एसएसएच (दुरून लॉगिन) आणि एनटीपी (घड्याळ जुळवणे) चालू करा, आणि पीकेजीइन हा पॅकेज-व्यवस्थापक बसवून घ्या. सोर्समधून पॅकेज बांधण्याच्या फंदात या मशीनवर पडू नका, तयार बायनरी मिळते तेवढेच वापरा. खिडक्यांसाठी सीटीडब्ल्यूएम सिस्टिमबरोबरच येतो. मराठीसाठी लोहितची टीटीएफ फाइल घरच्या फोल्डरात ‘.फॉन्ट्स’ नावाच्या उपफोल्डरात ठेवा.

फ्रीडॉस १.४

एप्रिल २०२५च्या या आवृत्तीतली लेगसी सीडी जुन्या बायोससाठीच आहे, ती फ्लॉपी असल्याचे भासवून बूट करते. इन्स्टॉलर आधी डिस्कचे विभाजन करतो, मग रीस्टार्ट मागतो, आणि पुन्हा सीडीवरून सुरू झाल्यावर फॉरमॅट करतो. ते दुसऱ्यांदा सुरू होणे म्हणजे बिघाड नाही. फॅट१६ निवडल्यास विभाजन २ जीबीच्या आत ठेवा. सगळे होऊनही काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत असेल तर एफडिस्कने विभाजन अ‍ॅक्टिव्ह करा, एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूट-भाग) पुन्हा लिहा आणि सिस आज्ञेने सी ड्राइव्हवर सिस्टिम फायली टाका.

५०४ एमबीची भिंत असलेल्या ४८६ला एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस हा मुक्त पर्याय आहे. नेटवर्क कार्डावरच्या बूट रॉमच्या रिकाम्या सॉकेटात ती चिप बसते आणि मोठे कार्ड चालू लागते. चिप लिहायला ईप्रॉम प्रोग्रॅमर लागतो.

चालू झाल्यावर अडलेच तर

पडद्यावर फक्त ‘ग्रब’ एवढा शब्द येऊन थांबला तर बायोसमधली डिस्कची पद्धत पाहा. ती ‘नॉर्मल’ किंवा ‘लार्ज’ असेल तर ‘एलबीए’ करून ग्रब पुन्हा बसवा. इन्स्टॉलेशन एका पद्धतीत आणि बूट दुसऱ्या पद्धतीत झाले की डिस्कवरचे पत्ते जुळत नाहीत. सेल मेला की बायोस हे सेटिंग विसरतो, म्हणून कालपर्यंत चालणारे मशीन आज एकाएकी अडते. एलसीडीवर ‘आउट ऑफ रेंज’ आले तर १०२४ बाय ७६८ आणि ६० हर्ट्झ ठरवून द्या. कॉपी चालू असताना तासाभराने गोठत असेल तर बायोसमध्ये तापमान पाहा, पंख्यावर बोट ठेवून पाहू नका.

सगळे मनासारखे चालू लागले की कार्ड काढा आणि त्याची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या संगणकावर काढून ठेवा. ३२ जीबीचे कार्डही दाबून फार जागा घेत नाही, आणि कार्ड गेले तरी नवे भरायला अर्धा-पाऊण तास पुरतो. बदली कार्ड घेताना त्याची क्षमता मूळ कार्डाएवढी किंवा जास्त आहे याची खात्री करा. ३२ जीबी म्हणून विकली जाणारी दोन कंपन्यांची कार्डे नेमकी सारखी नसतात, आणि काही एमबी कमी पडले तरी प्रतिमेचे शेवटचे विभाजन तुटते. बायोसची सेटिंग्ज, जंपरांच्या जागा आणि कर्नेलला दिलेली जादा पदे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.